मी संत्र्याचं झाड नाही

तुम्हाला किंवा तुमच्या घरात कोणाला हा आजार झाला असेल, तर आधीच एक सांगून ठेवते. कोणी येऊन म्हणालं की देव तुमची परीक्षा घेतो आहे, तर त्याला चहा पाजा आणि बसस्टँडचा रस्ता दाखवा. मी चहा पाजला, रस्ता दाखवायला मात्र उशीर केला, आणि तो उशीर माझ्या जिवावर बेतता बेतता राहिला. म्हणून हे लिहिते आहे.

माझं नाव सुवार्ता. सौसरला शाळेत मराठी शिकवते. माहेर पांढुर्ण्याचं, वडील रेल्वेत होते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, सासरही तसंच. माझ्या नवऱ्याची, प्रभाकरची, बोरगावच्या रस्त्याला संत्र्याची बाग आहे. घरात तिसऱ्या मार्थाबाई, प्रभाकरची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा त्यांनीच प्रभाकरला वाढवलं आणि त्या नादात त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. त्यामुळे त्या माझी नणंद कमी आणि सासू जास्त.

कॉरिडॉरमध्ये चांगली बातमी

दिवाळीच्या सुटीत वेणी घालताना मानेला बोट लागलं आणि खाली गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून मी काही दिवस तिच्याकडे दुर्लक्ष केलं. सौसरच्या डॉक्टरांनी ती दाबून बघितली, दुसऱ्या बाजूचीही मान दाबून बघितली आणि लगेच नागपूरला जायला सांगितलं. त्यांनी नेहमीसारखी चेष्टा केली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गाठीच्या तपासणीच्या निकालाच्या दिवशी तिथल्या दवाखान्याचा कॉरिडॉर माणसांनी गच्च भरला होता. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तेवढ्यात सिस्टर दारात येऊन ओरडली, "सुवार्ता! सुवार्ता कोण आहे?"

शेजारच्या म्हातारबाईंनी मला विचारलं, "काय नाव म्हनलं वो?"

"सुवार्ता."

"म्हंजे?"

"चांगली बातमी."

बाईंनी एकदा त्या दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग मलाही हसू आवरेना. हसतहसतच मी आत गेले आणि हसतहसतच खुर्चीवर बसले, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा लिम्फोमा आहे, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर.

सोबत आलेल्या प्रभाकरनं विचारलं, "टीबी तर नाई न, मॅडम?" त्याला टीबी चालला असता. आमच्या घरात टीबी होऊन बरे झालेले लोक आहेत.

"टीबी नाही," त्या म्हणाल्या. "पण हा बरा होऊ शकतो. एकच अट आहे. औषधाची तारीख चुकवायची नाही."

परतीच्या वाटेत सावनेरला बस थांबली. प्रभाकर चहा आणतो म्हणून उतरला तो आलाच नाही. कंडक्टर घंटी वाजवायला लागला तेव्हा मी खाली उतरले. तो टपरीच्या मागे तोंड फिरवून रडत उभा होता. मला दया यायला हवी होती. मला राग आला. आजार माझा, आणि पहिला रडायचा मान यांनी घेतला. "रडायचं तर घरी रडा, इथं बस चालली," मी म्हणाले. आम्ही बसमध्ये चढलो. पुढे सौसर येईपर्यंत तो माझा हात धरून होता, तेवढं मी चालू दिलं.

सुई, खुर्ची, बस

औषधाचा दिवस म्हणजे पहाटेची बस, रक्ताची तपासणी, मग एका लांबट खोलीत खुर्चीवर बसून सलाइन. आजूबाजूला तसल्याच खुर्च्या, तसल्याच सलाइनी. शेगावकडच्या एक बाई नेहमी भेटायच्या, त्या दर वेळी नवीन सून कशी वाईट आहे ते सांगायच्या. मला ते फार आवडायचं. त्या खोलीत सुनेचं गाऱ्हाणं करणारा माणूस म्हणजे जगायचा इरादा असलेला माणूस.

केस गेले. त्याचं मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, वाईट तोंडाचं वाटलं. तोंड आलं की जिभेपासून घशापर्यंत सगळं सोललेलं. पाणीसुद्धा चरचरत जायचं. तहान लागलेली आणि समोर पाणी असून घेता येत नाही, याची भीती मला कॅन्सरपेक्षा जास्त बसली.

शेजारच्या चंद्रकलाबाई ज्वारीची पातळ आंबील करून, पार गार करून आणायच्या. कधी "कशी आहे तबियत" म्हणून विचारलं नाही. पलंगाशेजारी बसायच्या आणि गल्लीत कोण कोणाशी भांडलं ते सांगायच्या. मी घोट घोट आंबील प्यायचे. एकदा म्हणाल्या, "बाई, म्या देवीले बी सांगून ठेवलं तुमचं. तुमच्या येशूले राग तर नाई येनार न?" मी म्हटलं, येणार नाही. मला खात्री आहे.

धीर देणारे

मंडळीतले लोक यायचे. मंडळी म्हणजे आमच्याकडे चर्चचे सभासद. चांगली माणसं आहेत, लग्नाकार्यात राबतात, मयताला खांदा देतात. पण आजाऱ्याजवळ बसलं की त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या अंगात उपदेशक संचारतो. सगळं देवाच्या योजनेत आहे. तो ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच शिक्षा करतो. काही गुप्त पाप असेल तर कबूल कर. एक बाई म्हणाल्या, "किती नशीबवान आहेस, देवानं तुला निवडलं." मी म्हटलं, तुमचं नाव सुचवू का? त्या पुन्हा आल्या नाहीत.

मी देवाशी भांडत होते, ही गोष्ट खरी. आमच्या घरच्या बोलीत भांडायचे, शाळेतल्या मराठीत भांडणाला जोर येत नाही. "कायले करून राहिला तू असं? दुसरं काम नाई का तुले?" असं मी त्याला विचारायचे. पण भांडत होते त्याच्याशीच. घर सोडून गेलेल्या माणसाशी कोणी भांडत नाही. हे मी मार्थाबाईंना समजावायचा प्रयत्न केला, त्यांना ते पाखंड वाटलं.

ताण

ज्यांच्याकडे संत्री नाहीत त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याला बहार यायला हवा असेल तर त्याआधी झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पाण्यावाचून झाड मलूल होतं, पानं फिकी पडतात. मग ठरल्या वेळी खत घालून पाणी सोडलं की फुलांनी लगडून जातं. ताण मध्येच तुटला, म्हणजे वेळेआधी पाणी मिळालं, तर नुसता पाला फुटतो, फूल येत नाही. आमच्या भागात हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

थंडीचे दिवस होते, थंडी सरताना येणाऱ्या आंबिया बहारासाठी बागेला ताण दिला होता. माझे निम्मे डोस झाले होते आणि मी अंथरुणाला खिळले होते. मार्थाबाई माझ्या उशाशी येऊन बसल्या. माझ्या कपाळावरून हात फिरवला. त्यांचा हात फार मऊ आहे.

"सुवार्ता, मले प्रार्थनेत दिसलं," त्या म्हणाल्या. "देव तुले ताण देऊन राहिला. ताणाशिवाय बहार नाई येत, हे आपल्या घरात सांगा लागते का? अन् तू मधातच तोडून राहिली. हे नागपूरचं पाणी बंद कर. पुरा ताण सोस. मंग पाह्य, प्रभू कसा बहार देते."

कोणी बाहेरचा बुवा हे बोलला असता तर मी त्याला हाकललं असतं. पण हे आमच्या बागेतलं होतं, आमच्या शब्दातलं होतं, आणि ज्या बाईनं माझ्या नवऱ्याला न्हाऊमाखू घातलं तिच्या तोंडचं होतं. खरं सांगते, मला ते पटलं. अंगात त्राण नसलं की जो औषध नको म्हणतो तोच आपला वाटतो. आता सुई नाही, तोंड येणार नाही, पहाटेची बस नाही. नुसतं सोसायचं, आणि त्याला विश्वास म्हणायचं.

मी प्रभाकरकडे बघितलं. तो दारात उभा राहून ऐकत होता.

"बाई म्हनते त्यात खोटं काई नाई," तो म्हणाला. "झाडाचं तर तसंच असते."

पुढची तारीख आली आणि गेली. आम्ही नागपूरला गेलो नाही. दवाखान्यातून फोन आला तेव्हा प्रभाकरनं घरी पाहुणे आलेत म्हणून सांगितलं. एवढं धडधडीत खोटं बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. मार्थाबाईंनी त्या दिवशी उपास करून स्तुतिगीतं म्हटली.

मी दिवसभर मान चाचपत बसायचे. गाठ विरघळून गेली होती. आता पुन्हा बोटाला काही लागतं की काय, की ती आपली नेहमीचीच शीर आहे, हे कळेना. विश्वास ठेवते म्हणणारी बाई आणि तिचं बोट सारखं गाठ शोधत फिरतंय. मला माझीच लाज वाटायला लागली होती, आणि तारीख उलटून दिवस चालले होते.

कडेची ओळ

एका दुपारी घरात जीव गुदमरला म्हणून मी प्रभाकरबरोबर बागेत गेले. त्यानं मला उन्हात खुर्ची टाकून दिली आणि तो पाण्याचा पाइप ओढत बांधाच्या कडेला गेला. बघते तर कडेच्या ओळीतल्या झाडांना पाणी सोडत होता.

"हे काय करून राहिले तुम्ही?" मी विचारलं. "ताण तर अजून बाकी आहे न?"

"हे कडेचे झाडं नाई टिकत," तो म्हणाला. "खाली सारा मुरूम आहे. कालपासून पानं गळून राहिले. पाह्य न, शेंडे वाळले."

"आणि बहार?"

"जाऊ दे बहार. झाडच मेलं तर बहार घेऊन काय करतं?"

तो सहज बोलून गेला. मी खुर्चीतून उठले. चालायची ताकद नव्हती, तरी त्या ओळीपर्यंत गेले आणि एका झाडाला धरून उभी राहिले.

"तुमचा देव तुमच्याहून कच्चा शेतकरी आहे का हो?" मी म्हणाले.

त्यानं पाइप हातात धरूनच माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही रोज येता, एकेक झाडाचं पान पाहता. झाड मरून राहिलं दिसलं की बहार गेला तरी चालते म्हणता, पाणी सोडता. आणि देव माझे शेंडे वाळलेले पाहून हात बांधून बसला आहे? बहाराची वाट पाहून राहिला? असा देव मी नाही मानत. शास्त्रातही मला तो कधी भेटला नाही. आणि मी संत्र्याचं झाड नाही. मले तोंड आहे. तहान लागली तर मी पाणी मागीन!"

मी ओरडत होते. शेजारच्या बागेतला माणूस काम थांबवून बघायला लागला. प्रभाकरच्या हातातल्या पाइपाचं पाणी एकाच आळ्यात पडत राहिलं, आळं भरून बांधावरून वाहायला लागलं तरी त्याच्या लक्षात आलं नाही. मग त्यानं पाइप खाली टाकला आणि डोळे पुसले. या वेळी मला राग आला नाही.

"उद्या निघू," तो म्हणाला. "बाईले मी सांगतो."

"नाही, मी सांगते."

मार्थाबाईंचा प्रश्न

संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेआधी मी सांगितलं. मार्थाबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर सोपं झालं असतं. शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर ठेवून त्या खाली बघत म्हणाल्या, "मंग देव दुःख कायले देते? सांग न तू, शिकलेली आहे. माह्या आईले कायले नेलं? मी कायले अशी राहिली? त्याचं काई कारन असन का नसन?"

तेव्हा मला समजलं की ताणाची ती गोष्ट त्या मला सांगत होत्या त्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःला सांगत आल्या होत्या. त्यांचा बहार कधी आला नाही. आता मी ताण खोटा म्हटला तर त्यांच्या हातात काय उरतं?

"मले नाही माहीत, बाई," मी म्हणाले. "पण खरं कारण सापडत नाही म्हणून मी खोटं घेणार नाही. दुःख आलं, ते मी झेलते. देवाचा हात सोडणार नाही. पण हे बरं झालं असं माझ्याकडून वदवून घेऊ नका."

त्या शास्त्र उचलून आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. माझं जेवण मात्र वेळेवर यायचं, भात माझ्या तोंडासाठी मऊ केलेला असायचा. ताट ठेवायचं आणि निघून जायचं. प्रभाकर दोघींच्या मध्ये अडकला आणि मुकाट्यानं निरोप्याचं काम करायला लागला.

नागपूरला डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना शाळेतल्या पोरांसारखं झापलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बसा खुर्चीवर," आणि सुई टोचली. ती टोचताना मला इतकं बरं वाटेल असं मी कधी मनात आणलं नव्हतं.

पाचवा उद्गार

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रभू वधस्तंभावर गेला त्या दिवशी, सौसरची आणि पांढुर्ण्याची मंडळी पांढुर्ण्याला एकत्र जमतात. दुपारी तीन तासांची भक्ती असते. वधस्तंभावरून त्यानं काढलेल्या सात उद्गारांवर मंडळीतले सात जण बोलतात. भक्ती संपेपर्यंत लोक कडक उपास धरतात, पाण्याचा थेंबही घेत नाहीत, आणि पांढुर्ण्याचं तेव्हाचं ऊन तर ठाऊक आहेच.

आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वयानं लहान आहेत, माझा फार आदर करतात. घरी येऊन म्हणाले, "बाई, यंदा तुम्ही बोला. शेवटचा घ्या, समर्पणाचा. लोकांना आशीर्वाद होईल."

"पाचवा द्या," मी म्हणाले. पाचवा म्हणजे तहान लागल्याचा. सातांतला तोच सगळ्यात लहान. त्यावर काय बोलायचं हे न कळून लोक तो नेहमी नवशिक्याच्या गळ्यात मारतात.

तेव्हा माझा शेवटचा डोस बाकी होता. आता तोही झाला आहे. मोठी तपासणी पुढे आहे, तिच्यात काय निघेल मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. तोंड आलेलंच होतं. टक्कल झाकायला ओढणी बांधली आणि व्यासपीठाला धरून उभी राहिले. मार्थाबाई बायकांच्या बाजूला पुढच्याच बाकावर होत्या, नजर खाली.

मी म्हणाले, की मी मरायला टेकले होते तेव्हा मला पुष्कळांनी सांगितलं, गप्प सोस, कुरकुर करू नको, यातच तुझं भलं आहे. तो वधस्तंभावर होता. त्याच्याइतका विश्वासू कोण? त्यानं तिथं असं म्हटलं नाही की मी ठीक आहे. तो म्हणाला की त्याला तहान लागली. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्याच समोर म्हणाला. त्याला लाज वाटली नाही. पाणी मागितल्यानं त्याचा विश्वास कमी पडला, असं सांगायची कोणाची छाती आहे? लोकांनी त्याला काय दिलं, तर आंब, म्हणजे आंबून गेलेला द्राक्षारस. आजही आजाऱ्याच्या तोंडाला आपण तीच आंब लावतो आणि तिला धीर म्हणतो. माझा देव पाणी तोडणारा नाही. तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला आहे, सलाइन लावून, ओठ फुटलेले, आणि माझ्यासारखाच...

इथं माझी जीभ टाळूला चिकटली. शब्द फुटेना. घसा सोलल्यासारखा झाला. मी खाली बघितलं, वर बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं मला रडू आलं. कोणीतरी "आमेन" म्हणालं.

रडू आलं नव्हतं. मी कसाबसा आवाज काढला. "पाणी द्या कोणी."

कोणी हललं नाही. एका वडीलधाऱ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. उपास सुटायला अजून वेळ होता. प्रभाकर मागच्या बाकावरून उठायला लागला, पण त्याच्या आधी पुढच्या बाकावर लुगडं सळसळलं. मार्थाबाई उठल्या, बाजूच्या दारानं पाळकांच्या घरात गेल्या आणि स्टीलचा पेला भरून घेऊन आल्या. भर भक्तीत, सगळ्यांच्या समोर, त्या व्यासपीठाची पायरी चढल्या. त्यांचे स्वतःचे ओठ वाळून पांढरे पडले होते.

"हळू पी," त्या म्हणाल्या. थंडीपासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होत्या. "तोंड आलं आहे तुह्यं."

मी हळूहळू प्यायले. चरचरलं, तरी सगळा पेला प्यायले. मग तो तिथेच व्यासपीठावर ठेवला, मार्थाबाईंचा हात धरून त्यांना शेजारी उभं केलं आणि माझं उरलेलं बोलणं पूर्ण केलं.